सीतेची वेणी: बोंडापासून पुन्हा झाडापर्यंत

सीतेची वेणी या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, बोंड पिकून तडकले की त्यातून पिठासारखे बी वाऱ्यावर जाते. एका बोंडातले दाणे हजारोंनी मोजावे लागतील, पण त्यांतले फांदीच्या सालीत धरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसतात. कारण आमरीच्या बियात शिदोरीच नसते. इवलासा गर्भ आणि भोवती जाळीदार टरफल, एवढाच त्याचा संसार. योग्य जातीची बुरशी आत शिरली आणि तिने अन्न पुरवले तरच तो गर्भ वाढतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ मध्ये ही गोष्ट उमगली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवून दिले की बुरशी नसली तरी साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर हे बी रुजते. आपण प्रयोगशाळेत आजही मुळात तेच करतो.

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर, म्हणजे निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवणे, म्हटले की आधी केळी आठवते. एका चांगल्या झाडाच्या कोंबापासून हजारो सारखी रोपे, एकाच वेळी निसवणारी, एकाच वजनाचे घड देणारी. रानातल्या आमरीसाठी मात्र हे गणित उलटे करावे लागते. इथे सारखेपणा हाच दोष. एकाच रोपाच्या दहा हजार प्रती करून जंगलात बांधल्या, तर पहिल्या मोठ्या रोगाला किंवा कडक उन्हाळ्याला त्या सगळ्या एकदमच बळी पडतील. म्हणून या लेखात कोंब कापून बहुगुणन करण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. आपण बियापासून जाणार आहोत, आणि तेही शक्य तितक्या वेगवेगळ्या आयांच्या बियापासून. बाटलीत रोप वाढवणे हा या कामातला सोपा भाग आहे. बी कुणाचे घेतले, नोंद कशी ठेवली आणि रोप कुठे परत गेले, यावर सगळे अवलंबून असते.

उदाहरण म्हणून सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा, घेतली आहे. सह्याद्रीत ती आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशा झाडांवर मिळते, वळवाच्या सुमारास फुलते आणि बाटलीत बऱ्यापैकी समजूतदारपणे वागते. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूत मुली ती केसांत माळतात. एरिडिस आणि झाडावरच्या डेंड्रोबियम या आमरींनाही थोड्याफार फरकाने हीच पद्धत लागू पडते. जमिनीवरच्या हॅबेनारियांचे प्रकरण वेगळे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

कागद आधी, कात्री नंतर

आमरीचे संपूर्ण कूळ साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण अधिनियमात त्या यादीसाठी स्वतंत्र अनुसूची आली आहे. वनजमिनीवरचे एक बोंडही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तोडू नये. जागा अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर परवानगी वरच्या पातळीवरून येते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आदल्या हंगामातच करावा. मालकीच्या बागेतले झाड असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे आपल्या कामाला काय लागू होते ते विचारून घ्या. समितीला कळवण्याचा आणखी एक फायदा आहे. कोणत्या रस्त्याकडेची जुनी झाडे यंदा तुटणार आहेत, हे गावाला सरकारी फलकाच्या आधी माहीत असते.

रोप उपटून आणणे हा पर्याय मनातूनही काढून टाका. अपवाद फक्त वादळात पडलेल्या फांद्यांचा आणि तोडलेल्या झाडांचा. त्यांच्यावरची आमरी जमिनीवर राहिली तर पावसात कुजते. ती उचलून जवळच्याच झाडावर बांधावी, किंवा परवानगीने आईरोप म्हणून सांभाळावी.

आईरोपे निवडणे आणि परागण

एका बोंडातून पाच हजार रोपे निघाली तरी ती सगळी एका आईची लेकरे, आणि आमरीत पराग गठ्ठ्याने येत असल्याने बहुधा एकाच बापाचीही. त्यामुळे एका बोंडाची पाच हजार रोपे करण्यापेक्षा वीस-तीस आयांची प्रत्येकी पंचवीस रोपे संवर्धनाच्या दृष्टीने कितीतरी मोलाची. हे पटायला जड जाते, कारण अहवालात पाच हजार हा आकडा छान दिसतो.

निसर्गात सीतेच्या वेणीला बोंडे कमी धरतात. फुले शंभरावर आणि बोंडे दोन-चार, कधी तेवढीही नाहीत. म्हणून हाताने परागण करणे फायद्याचे ठरते. सकाळी, फूल उमलून दोन-तीन दिवस झाले असताना, स्वच्छ टूथपिकने फुलाच्या मधल्या दांड्याच्या, म्हणजे स्तंभाच्या, टोकावरची टोपी हलकेच उचला. आतले पिवळे परागगोळे खालच्या चिकट चकतीसकट काडीला चिकटून येतात. ते दुसऱ्या झाडावरच्या रोपाच्या फुलात, स्तंभाच्या खालच्या अंगाला असलेल्या ओल्या खळगीत टेकवा. एकाच रोपाच्या दोन फुलांत हा व्यवहार करू नका. एका घोसावर दोन-तीनपेक्षा जास्त बोंडे धरू देऊ नका, रोप खंगते. परागण केलेल्या देठाला दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा: आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, तारीख. पेन्सिलने लिहा, शाई पहिल्या पावसात जाते.

काही दिवसांत फूल कोमेजते आणि देठ हिरवा होऊन फुगू लागतो. नैसर्गिकरीत्या धरलेली बोंडे घेणार असाल तर झाडावरची सगळी कधीच घेऊ नका. एका रोपाचे एक पुरे, आणि ज्या रोपाला एकच बोंड आहे त्याला हात लावू नका.

बोंड कधी तोडायचे

सगळ्या पद्धतीचा तोल या एका निर्णयावर आहे. कोवळ्या बोंडात गर्भ तयार नसतो, आणि तडकलेल्या बोंडातले बी वाऱ्यावर गेलेले असते, वर त्याला जंतू चिकटलेले असतात. हवे आहे ते पूर्ण भरलेले पण अजून बंद असलेले हिरवे बोंड. बंद बोंडाचा आतला भाग निर्जंतुक असतो. त्यामुळे फक्त बाहेरची साल स्वच्छ करावी लागते आणि नाजूक बियाला रसायनाचा स्पर्शही होत नाही.

सीतेच्या वेणीचे बोंड पिकायला कित्येक महिने लागतात, आणि आंबोलीतली तारीख राधानगरीला लागू पडेलच असे नाही. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या वर्षी काही बोंडे मुद्दाम तडकेपर्यंत झाडावर ठेवा आणि परागणापासून तडकेपर्यंतचे दिवस मोजा. पुढच्या वर्षी त्या काळाचा साधारण पाऊण भाग उलटल्यावर बोंड तोडायला सुरुवात करा. बोंडाच्या कडांवर हिरव्याचा पिवळसर होऊ लागला की वेळ संपत आली समजा.

तोडलेले बोंड कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते. त्याच आठवड्यात पेरणी करा. तोवर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास, ते राहू शकते.

नोंदवही

प्रयोगशाळेत बोंड शिरण्याआधी त्याला क्रमांक मिळाला पाहिजे. पद्धत साधी ठेवा: जातीची दोन अक्षरे, वर्ष, आईचा क्रमांक, बोंडाचा क्रमांक. उदाहरणार्थ, "सीवे-२५-०७-१". हाच क्रमांक बाटलीवर, ट्रेवर, कुंडीवर आणि शेवटी झाडावरच्या पट्टीवर येतो. वहीत त्याच्यासमोर आधारझाडाची जात, रोपाची जमिनीपासूनची उंची, दिशा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जीपीएस.

ती जीपीएसची वही कपाटात कुलपात ठेवा. नेमक्या जागेसह फोटो समाजमाध्यमांवर गेला की ओरबाडणारे तिथे पोहोचतात. तालुक्याचे नाव दिले तरी पुष्कळ झाले.

माध्यम

रानआमरीच्या बियाला दोन माध्यमे बहुतेक वेळा पुरतात: नडसन सी, किंवा अर्ध्या ताकदीचे मुराशिगे-स्कूग. दोन्हींची तयार पावडर मिळते. नडसन स्वतः करायचे असेल तर एक लिटरसाठी कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट अर्धा ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाव ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम, फेरस सल्फेट २५ मिलिग्रॅम, मँगनीज सल्फेट साडेसात मिलिग्रॅम आणि साखर २० ग्रॅम. क्षार एकेक करून, आधीचा विरघळल्यावरच पुढचा टाका. सगळे एकदम टाकले तर कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून तळाला पांढरा साका बसतो. साखर म्हणून किराणा दुकानातली पांढरी शुभ्र साखर चालते.

त्यानंतर सामू, म्हणजे पीएच. ५.२ ते ५.६ च्या मध्ये आणा, आणि हे आगर, म्हणजे माध्यम गोठवणारी पावडर, घालण्याआधी करा. सामू पाचच्या खाली गेला तर आगर नीट घट्ट होत नाही, बाटलीत पातळ खळ राहते. आगर लिटरला ७ ते ८ ग्रॅम. पेरणीच्या माध्यमात मी वाढसंप्रेरके घालत नाही. बीएपी आणि एनएए या संप्रेरकांचे मोठे डोस देऊन प्रोटोकॉर्मचे, म्हणजे बियातून आधी तयार होणाऱ्या हिरव्या मण्यांचे, घोसच्या घोस काढता येतात, शोधनिबंधात ते देखणेही दिसते. पण त्यातून एकाच बियाच्या प्रतींची गर्दी होते आणि वेडीवाकडी रोपे निघण्याची शक्यता वाढते. बोंड मिळतच नाही आणि रानात रोपेच चार-पाच उरली आहेत, अशा वेळीच तो मार्ग धरावा.

पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे रोपे विरळ करताना, त्याच माध्यमात लिटरला १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळशाची भुकटी आणि ५० ते १०० ग्रॅम पिकल्या केळ्याचा गर घाला. किंवा गराऐवजी १०० ते १५० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी. गर घातल्यावर सामू पुन्हा तपासा. कोळसा तळाला बसतो, म्हणून माध्यम गोठत असताना बाटल्या एकदा हलकेच फिरवाव्यात.

बाटलीत अडीच-तीन सेंटिमीटर माध्यम भरा आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, १५ ते २० मिनिटे ठेवा. ऑटोक्लेव्ह नसेल तर मोठा प्रेशर कुकर चालतो: पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून २५ मिनिटे. मात्र दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतले माध्यम उसळून झाकणांना लागते आणि त्या चिकट रेषेवरून बुरशी आत शिरते. तयार बाटल्या पाच-सहा दिवस तशाच ठेवून बघा. बुरशी यायची असेल तर ती बियाआधी येऊ दे.

पेरणीचा दिवस

बोंडावर सुकलेल्या फुलाचा चिवट शेंडा असतो, बुरशीचे माहेर तेच. तो आधी कापून टाका. मग भांडी धुण्याच्या द्रवाचा थेंब घेऊन मऊ ब्रशने बोंडाच्या खाचा घासा आणि वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेवा.

लॅमिनर फ्लोचे, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोताचे, टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसा, अतिनील दिवा वीस मिनिटे लावा, मग तो बंद करून पंखा पंधरा मिनिटे चालू द्या. अतिनील दिवा चालू असताना हात आत घालू नका. लॅमिनर फ्लो नसेल तर पारदर्शक पेटीला हात जाण्याइतकी दोन भोके पाडून आत अल्कोहोल फवारूनही काम होते, पण फवारल्यानंतर त्या पेटीत ज्योत नेऊ नका.

लॅमिनर फ्लोखाली बोंड ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवा आणि निर्जंतुक पाण्यात धुऊन घ्या. नंतर सोडियम हायपोक्लोराइटचे साधारण १ टक्का द्रावण. बाजारात मिळणारे चार-पाच टक्क्यांचे असेल तर एका भागात चार भाग पाणी. त्यात ट्वीन २० या साबणासारख्या द्रवाचे दोन थेंब टाका, बोंड दहा ते पंधरा मिनिटे हलवत ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. हे हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळू देऊ नका. महाविद्यालयांत अजूनही या कामाला मर्क्युरिक क्लोराइड वापरले जाते. हिरव्या बोंडाला त्याची गरज नाही. ते पाऱ्याचे विष आहे आणि शेवटी बेसिनमधूनच बाहेर जाते, म्हणून ते कपाटातच राहू द्यावे.

शेवटी बोंड अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, ज्योतीवरून एकदाच न्यायचे. इथेच अपघात होतात. थेंब टपकत असलेले बोंड ज्योतीवर धरू नका आणि अल्कोहोलचे भांडे ज्योतीपासून दूर, झाकून ठेवा. ओला हातमोजा पेट घेतो.

आता निर्जंतुक पात्यावर बोंड उभे चिरा. आतले बी पांढरे, ओले आणि भिंतीला घट्ट चिकटलेले असेल तर बोंड कोवळे आहे. पिवळसर, सुटे होत असलेले बी उत्तम. चमच्याच्या टोकावर मावेल इतकेच बी एका बाटलीत टाकून पातळ पसरा. जास्त पेरले तर तीन महिन्यांनी हिरव्या दाण्यांचा थर होतो आणि ते एकमेकांना वाढू देत नाहीत. उरलेले बी फेकायचे नाही. ते कागदात वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद कुपीत, चार अंशांवर ठेवा. ही तुमची बीजपेढी, आणि बाटल्या बिघडल्या तर पुन्हा सुरू करण्याची सोय.

बी कितपत सजीव आहे ते बघायचे असेल तर चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली घाला. टरफलात गर्भाचा ठिपका नसलेले रिकामे दाणे लगेच ओळखू येतात. अधिक खात्रीसाठी एक टक्का टेट्राझोलियमच्या द्रावणात बी दिवसभर अंधारात ठेवा, जिवंत गर्भ तांबूस होतो. जुने साठवलेले बी पेरण्याआधी ही चाचणी जरूर करावी.

तडकलेले बोंडच हाती आले तर सुटे बी गाळणकागदाच्या पुडीत बांधून त्याच हायपोक्लोराइटमध्ये, पण अर्ध्या ताकदीने, पाच-सात मिनिटे बुडवा आणि पुडीसकट धुवा. नुकसान होणारच, पण काही दाणे हाती लागतात.

बाटलीतले वर्ष

तापमान २५ अंश, दोन अंश इकडेतिकडे. प्रकाश सोळा तास, २,००० ते ३,००० लक्स, साध्या एलईडी नळ्या पुरतात. वीज जाणार हे गृहीत धरून खोली निवडा. उत्तरेकडची, जाड भिंतींची खोली वातानुकूलन बंद पडले तरी तग धरते, पत्र्याची खोली मे महिन्यात दोन तासांत बाटल्या शिजवते.

तीन-चार आठवड्यांत दाणे फुगतात, मग हिरवे होतात. दोन-अडीच महिन्यांत टोकदार हिरवे मणी दिसतात, ते प्रोटोकॉर्म. त्यांना बारीक केसांसारखे तंतू फुटतात. नवशिक्यांना ती बुरशी वाटते आणि चांगली बाटली फेकली जाते. तंतू मण्याच्या बुडालाच असतात, बुरशी मात्र माध्यमावर पसरत जाते. पुढे पहिले पान येते, आणि तेव्हा पहिली विरळणी: केळे आणि कोळशाच्या माध्यमावर एका बाटलीत पंधरा-वीस. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. मुळे दोन-तीन सेंटिमीटर आणि पाने तीन-चार झाली की रोप बाहेर यायला तयार. पेरणीपासून साधारण वर्ष, कधी थोडे जास्त.

विरळणी करताना एक मोह टाळायचा असतो. दरवेळी मोठी, तजेलदार रोपे उचलून बारकी मागे ठेवली, तर आपण नकळत बाटलीत चांगले वाढणाऱ्यांची निवड करत जातो. झाडावर दुष्काळ सोसणारे रोप बाटलीत मंद वाढणारेही असू शकते. प्रत्येक बोंडातून लहानमोठी सगळी घ्या.

पावसाळ्यात बाटल्यांचा खरा शत्रू कोळी-किडी, म्हणजे माइट, आणि मुंग्या. कोळी-किडी झाकणाच्या फटीतून आत जातात आणि पायांना बुरशी लावून एका बाटलीतून दुसरीत नेतात. आगरावर ठिपक्याठिपक्यांची वाट दिसली की ती बाटली उघडू नका, तशीच कुकरमध्ये घाला. मांडणीचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवणे आणि झाकणांवर प्लॅस्टिक फिल्मचे दोन वेढे देणे हा जुना आणि चांगला उपाय.

जमिनीवरच्या आमरी

कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर फुलणाऱ्या हॅबेनारियांना वरची पद्धत जशीच्या तशी लावली तर निराशा होते. त्यांचे बोंड लवकर पिकते आणि पावसाळा सरताना तडकते, म्हणजे तोडायला मिळतात ते थोडेच दिवस. बी बहुधा आधी काही आठवडे अंधार मागते. आणि पानांचे रोप झाले तरी जमिनीखालचा कंद तयार झाल्याशिवाय ते उन्हाळा काढू शकत नाही.

अशा जातींसाठी बुरशीसकट रुजवण्याची पद्धत शिकून घ्यावी. निरोगी रोपाचे एक मूळ, तेही परवानगीने आणि रोप न उपटता, धुऊन पातळ काप घ्यायचे. पेशींमध्ये बुरशीच्या गुंडाळ्या दिसतात, त्या सोडवून साध्या माध्यमावर वाढवायच्या. ट्युलास्नेला, सेराटोबेसिडियम अशा वंशांची बुरशी बहुधा मिळते. लिटरला दोन-तीन ग्रॅम ओटचे पीठ आणि आगर, इतक्या गरीब माध्यमावर बी आणि बुरशी एकत्र ठेवायची. माध्यम श्रीमंत केले तर बुरशी मातते आणि बी खाऊन टाकते. काम किचकट आहे, सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस सोबत घेतल्याशिवाय सुरू करू नये.

बाटलीबाहेर

बाटलीतले रोप दमट हवेत, साखरेवर वाढलेले असते. पानांवर मेणाचा थर पातळ, रंध्रे उघडीच. ते थेट उन्हात आणले तर दुपारपर्यंत मलूल होते. म्हणून आधी बंद बाटल्याच आठवडाभर शेडनेटमध्ये आणून ठेवा, मग झाकण सैल करून तीन-चार दिवस.

कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा या पट्ट्यात बाटल्या जून अखेर ते जुलैत उघडाव्यात असे माझे मत. हवेत ओल फुकट मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडलेल्या रोपांना दोन महिन्यांतच सर्वांत कडक उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते. पावसाळ्यात कुजण्याचा धोका आहे, पण पंखा आणि उघडे माध्यम यांनी तो आवरता येतो, एप्रिलची कोरडी हवा आवरत नाही.

कोमट पाण्यात आगर पूर्ण धुऊन काढा, मुळांना चिकटलेला कणही साखरेमुळे बुरशी बोलावतो. लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवा. जमिनीवरच्या जातींना बुरशी लावलेली असेल तर मात्र हे करू नका. सावलीत मुळे पांढरी दिसेपर्यंत वाळू द्या, मग कोळशाचे आणि विटेचे बोराएवढे तुकडे आणि थोडा काथ्या अशा मिश्रणात बसवा. काथ्या आधी दोन-तीन वेळा पाणी बदलत भिजवून घ्या, तांबडे पाणी यायचे थांबेपर्यंत. एका ट्रेत एकाच बोंडाची रोपे ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे वर प्लॅस्टिकचे आच्छादन, ७५ टक्क्यांची शेडनेट, हवेत ८० टक्क्यांवर ओल. मग आच्छादन रोज थोडा जास्त वेळ उघडे. पाणी पावसाचे साठवलेले सर्वांत चांगले. बोअरचे क्षारयुक्त पाणी मुळांची टोके काळी करते, आणि बऱ्याच ठिकाणी रोपे मरण्याचे कारण रोग नसून हेच पाणी असते. नवे मूळ हिरवे टोक घेऊन निघाले की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. एक गोगलगाय एका रात्रीत ट्रेभर मुळांची टोके खाते.

एक पूर्ण उन्हाळा रोपांनी रोपवाटिकेत काढलाच पाहिजे, आणि शेवटचे दोन महिने मुद्दाम कमी पाण्यावर.

झाडावर परत

जागेचा नियम कडक ठेवा: ज्या खोऱ्यातले बी, त्याच खोऱ्यात रोप. सीतेची वेणी आसामपासून केरळपर्यंत आहे, म्हणून ती सगळी एकच असे समजू नये. आंबोलीचा पाऊस सोसणारी आणि कोरड्या बाजूच्या झाडावर वाढलेली यांच्यात फरक असणारच. बाजारातली, ईशान्येकडून किंवा थायलंडमधून आलेली रोपे हौसेने सह्याद्रीत बांधणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कुंडीत ठेवा, रानात नको.

आधारझाड म्हणून खरबरीत, टिकाऊ सालीचे, स्थानिक आणि पुढची चाळीस वर्षे उभे राहणारे झाड निवडा. साल सोडणारी पेरू आणि निलगिरी बाद. ज्या झाडावर ही आमरी आधीपासून आहे किंवा होती, त्याच जातीचे झाड पहिली पसंती. जंगलाच्या आतल्या गडद सावलीत ती फुलत नाही. कडेचे, हिवाळ्यात उजेड मिळणारे झाड बघा. देवराईत परवानगी मिळाली तर उत्तम, तिथे कुऱ्हाड येत नाही.

बांधायची वेळ म्हणजे मृग बरसून साली भिजल्यावर, जून अखेर ते जुलैचा मध्य. मुळांना पूर्ण हंगाम मिळतो. रोप माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, जाड फांदीवर किंवा बेचक्याजवळ, उत्तर किंवा पूर्व अंगाला. मुळे सालीला थेट टेकली पाहिजेत. खाली शेवाळाचा गठ्ठा ठेवण्याची पद्धत कमी पावसाच्या भागात ठीक, घाटमाथ्यावर त्याने रोप कुजते. सुतळीने बांधा, ती वर्षभरात कुजून पडते आणि तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. नायलॉनची दोरी नाही, खिळा तर नाहीच. एका झाडावर किमान पाच-सहा वेगवेगळ्या बोंडांची रोपे एकमेकांच्या जवळ लावा, म्हणजे फुलल्यावर परागण करणाऱ्या कीटकांना परकी जोडी शेजारीच मिळेल. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर क्रमांक कोरून ती फांदीला सैल अडकवा.

पहिली पाहणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. नवे मूळ सालीवर पुढे सरकले आहे का एवढेच बघायचे, पानांची संख्या फसवते. दुसरी मे अखेर. पहिला उन्हाळा काढलेले रोप बहुतेक टिकते. त्यानंतर वर्षातून एकदा, फुलण्याच्या दिवसांत. फूल यायला झाडावर आणखी दोन-चार वर्षे जातात, म्हणून तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या अहवालात "यश" लिहायला काही नसते. मोजायचे असेल तर अमुक झाडांवर आपोआप बोंडे धरली का, आणि आसपासच्या सालीवर न बांधलेले रोपटे दिसले का, हे मोजावे.

बाटल्यांत रोपे उरतातच. उरली म्हणून ठरवलेल्या झाडांवर दाटीवाटीने बांधू नका. प्रत्येक बोंडाची पाच-सहा रोपे क्रमांकासह दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एक महाविद्यालयाच्या बागेत आणि एक दुसऱ्या तालुक्यातल्या विश्वासू संस्थेकडे, आईरोपे म्हणून ठेवा. रोपवाटिकेला आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले तर तीच कामी येतील. बाकीची ज्या बागमालकाच्या फणसावरून बोंड घेतले होते, त्याला द्या. पुढच्या वेळी संमतीपत्रावर सही मागायला गेलात की तो आधी त्या झाडाखालीच घेऊन जातो.